ओपीडीत नुसतं बसून बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं?

प्रश्न (एमएसडब्ल्यू, दुसरं वर्ष, कोथरूड):
बीपी-शुगरचे पेशंट गोळ्या मधेच का सोडतात, हा माझा विषय. प्रश्नावली घेऊन ४० जणांना विचारलं. बहुतेक सगळे म्हणाले, "रोज घेतो." फाइल बघावी तर दोन-दोन महिने फेरीच नाही! मॅडम म्हणाल्या, प्रश्नावली बाजूला ठेव, एथनोग्राफी कर, म्हणजे लोकांत राहून, बघून-ऐकून समजून घे. तीन दिवस बाकावर बसले. वहीत एवढंच: "गर्दी खूप."

उत्तर (संशोधक, सहकारनगर):
ओपीडीत नको, केसपेपरच्या खिडकीपासून सुरुवात कर. मी एका सरकारी रुग्णालयात सात महिने जात होते. पहिला महिना मलाही गर्दीच दिसली. मग भोरहून पहिल्या एसटीने येणाऱ्या एका आजींबरोबर अख्खा दिवस काढला. पावणेसहाला घर सोडलेलं, साडेआठला केसपेपर, डॉक्टरांची गाठ साडेअकराला, तीही दोन मिनिटं. मग गोळ्यांची रांग. मिळाल्या पंधरा दिवसांच्या. सोबत सून, तिच्या मजुरीचा खाडा.

पुढे त्यांच्या घरी गेले तेव्हा उलगडलं. आजी गोळी एक दिवसाआड घेत होत्या. पंधरा दिवसांच्या गोळ्या महिनाभर पुरवायच्या, म्हणजे सुनेचा एक खाडा वाचतो. "चुकवत नाही हो मी," म्हणायच्या. आणि खरंच, धरलेला नेम त्यांनी एकदाही मोडला नव्हता. प्रश्नावलीत हे कुठल्या चौकोनात बसवणार?

वहीत माणसांचे शब्द जसेच्या तसे लिही, तुझं मत समासात. त्याच रात्री लिही, सकाळपर्यंत निम्मं पुसलं जातं. डॉक्टरांकडून बाहेर आलेला पेशंट "काय म्हणाले हो?" असं वॉर्डातल्या मावशींना विचारतो, तेही टिप.

उत्तर (निवृत्त सिस्टर, येरवडा):
बाळा, वही घेऊन बसलेलं माणूस आम्हाला तपासणीला आल्यासारखं वाटतं. आधी ओळख दे. राउंडच्या वेळी मधे येऊ नकोस, दुपारी ओपीडी ओसरली की ये. आणि आम्हालाही विचार, किती रजिस्टरं भरतो ते. रुग्णालयाची लेखी परवानगी आणि एथिक्स कमिटीची मंजुरी घेतलीस ना? आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, माणसांवरच्या संशोधनासाठीची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाच. बाकावरचा पेशंटही हो म्हणाला पाहिजे.

प्रश्नकर्ती:
कमिटीची मंजुरी आहे, रुग्णालयाचं पत्रही. ताई, आजींचं तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत का?

उत्तर (संशोधक, सहकारनगर):
आजींना विचारून, त्यांच्यासोबत आत जाऊन सांगितलं. डॉक्टरांनी पुढच्या वेळेपासून महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या.