रिक्षात ‘बोगदा’ लाईट बसवायची आहे, आरसा आणि फिल्मचं गणित कुणी सांगेल का?

तीनचाकी_एमएच०९

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात रिक्षा चालवतो, बजाज आरई, सीएनजी. पुढच्या महिन्यात रिक्षा सौंदर्य स्पर्धा आहे. हूड नवीन केलं, आतलं रेक्झिन झालं, स्टीलचं काम झालं, सीटवर डायमंड शिलाई मारून घेतली. पण हे सगळं सगळेच करतात. परीक्षकानं वाकून बघितलं पाहिजे असं एखादं काम पाहिजे.

एका ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये लाईटची पाटी बघितली होती. जाडी जेमतेम दोन बोटं, पण आत बघितलं की लाईटची चौकट एकामागं एक आत जात राहते, हातभर खोल भुयार असल्यागत. तसलं माझ्या सीटच्या पाठीमागं, पॅसेंजरच्या समोर येईल असं बसवायचंय. साईज साधारण ३० बाय २० सेंटीमीटर.

घरी जोडून बघितलं. मागं आरसा, पुढं ॲक्रिलिकवर कारच्या काचेची काळी फिल्म, मधे पांढरी एलईडी पट्टी. दोन चौकटी दिसतात, तिसरी शोधावी लागते. फिल्म कुठली घ्यायची? डबा किती जाड पाहिजे? मधोमध ‘चांगभलं’ लिहायचंय, ते आरशात उलटं तर दिसणार नाही? आणि जमलं तर मागच्या लाल लाईटमध्ये पण हेच करायचा विचार आहे.

सांगलीचा वायरमन

भावा, जोडणी बरोबर आहे, फिल्मनं घात केलाय. ती काळी फिल्म रंगाची असते. उजेड खाते, परत पाठवत नाही. तुला पाहिजे चांदीसारखी चकाकणारी, बंगल्याच्या आणि ऑफिसच्या काचांना लावतात ती, बाहेरनं आरसा दिसतो आणि आतनं रस्ता दिसतो. दुकानात ‘मिरर फिल्म’ किंवा ‘सिल्व्हर’ म्हणून माग. घेताना तुकडा नखानं ताणून धर आणि त्यात स्वतःचं तोंड बघ. मिशीचे केस वेगळे दिसले तर फिल्म कामाची.

आता गणित, कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपसूक येतं. सलूनमध्ये पुढं आरसा, मागं आरसा, आणि आपण मधे बसलो की आपलीच रांग लागते, तोच हा प्रकार. फरक एवढाच की इथं पुढचा आरसा थोडा फुटका आहे, म्हणजे थोडा उजेड बाहेर सोडतो. जेवढा सोडला तेवढा आपल्या डोळ्यात आला, जेवढा परत पाठवला तेवढा पुढच्या चौकटीसाठी शिल्लक राहिला.

समज मागचा आरसा १०० मधले ९० परत देतो आणि पुढची फिल्म ५० देते. एका फेरीनंतर उरले ४५. पाच फेऱ्यांनंतर दोन पण उरत नाहीत, म्हणजे बोगदा तिथंच संपला. तीच फिल्म ७५ परत देणारी घेतलीस तर एका फेरीला साडेसदुसष्ट उरतात, पाचव्या फेरीला १४, आणि दोनवर यायला दहा फेऱ्या लागतात. खोली दुप्पट झाली. पण फुकट नाही हं. अशी फिल्म बाहेर सोडते जेमतेम १५-२०, म्हणजे पहिलीच चौकट मंद होते. म्हणून आत पट्टी दणकट लागते. आधी फिल्म ठरव, मग पट्टी. लोक उलटं करतात आणि ‘लाईट कमी पडली’ म्हणून आणखी पट्ट्या चिकटवत बसतात.

डब्याची जाडी: दोन आरशांमधे २५ मिलिमीटर ठेव. पट्टी बरोबर मध्यावर आली तर प्रत्येक चौकट आधीच्या चौकटीच्या २५ मिलिमीटर मागं दिसते, सारख्या अंतरानं. पट्टी एका आरशाकडं सरकली की चौकटी जोडीजोडीनं दिसायला लागतात, दोन जवळ, मग मोकळी जागा, परत दोन जवळ. काही जणांना ते आवडतं. मला नाही आवडत, हात थरथरलेल्याचं काम वाटतं.

पट्टी मीटरला १२० एलईडीची घे, ६० ची नको. ६० मध्ये ठिपके दिसतात. सलग रेघ पाहिजे असेल तर सीओबी पट्टी, तिच्यात बारक्या एलईडी खेटून बसवून वर एकच थर दिलेला असतो. आणि पट्टीचा पाठीचा पत्रा काळा बघ. पांढरा पत्रा, डाग दिलेली जागा, गोंदाचा थेंब, बोटाचा ठसा, जे काही दोन आरशांच्या मधे राहील त्याची पण रांग लागते. डबा बंद करायच्या आधी आतली चौकट काळ्या मॅट कागदानं मढव आणि वायर कोपऱ्यातनंच बाहेर काढ.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. ही पट्टी १२ व्होल्टची म्हणतात, पण रिक्षा चालू झाली की १४ च्या वर जाते. पांढऱ्या पट्टीत तीन-तीन एलईडी एका ओळीत असतात, तिघी मिळून नऊ-सव्वानऊ व्होल्ट घेतात, उरलेलं पट्टीवरच्या बारक्या रेझिस्टन्सवर पडतं. बाराला ते पावणेतीन असतं, १४.४ ला पाचाच्या वर जातं. म्हणजे करंट जवळजवळ दुप्पट! पट्टी पहिल्या रात्री झगझगते, लोक खूश होतात, आणि पावसाळ्याच्या आत तीन-तीनचे तुकडे विझायला लागतात. लाल पट्टीला एवढा त्रास नाही, लाल एलईडी मुळात कमी व्होल्टेज घेते, त्यामुळं वाढ दीडपटीच्या आतच राहते. तू पांढरी लावणार असशील तर मधे बक कन्व्हर्टरचं, म्हणजे व्होल्टेज उतरवून एकसारखं ठेवणारं छोटं मॉड्यूल टाक आणि ११ व्होल्टवर लाव. बारावर लावू नकोस. इंजिन बंद असताना मॉड्यूललाच जेमतेम बारा-साडेबारा मिळतात, मग लाईट खालीवर होते.

टेस्टिंगवाला, पुणे

वायरमन काकांचं सगळं बरोबर. एक शंका आहे. स्पर्धा दिवसा आहे ना? मग चौकटीऐवजी परीक्षकांना त्यात स्वतःचा चेहरा आणि मागचं आभाळ दिसेल. पुढची फिल्म बाहेरचा उजेडही तितकाच परत फेकते. कारमध्ये बंद केबिन असते, रिक्षा तर दोन्ही बाजूंनी उघडी.

मागच्या लाल लाईटचं मात्र डोक्यातून काढून टाका. तुमची फिल्म १५-२० टक्के उजेड बाहेर सोडणार. म्हणजे ब्रेक दाबल्यावर मागच्याला दिसणारा दिवा पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर आला. पावसात गगनबावड्याच्या घाटात मागून येणारा ट्रकवाला तुमचा बोगदा बघायला थांबणार नाही. नव्या गाड्यांच्या टेललॅम्पमध्ये जी खोली दिसते ती बहुतेक शोभेच्या वेगळ्या भागात असते, ब्रेकच्या दिव्याचा उजेड त्यातून गाळून नेत नाहीत. २०१६ च्या बीएमडब्ल्यू एम४ जीटीएसला मागे ओएलईडी दिवे आले, म्हणजे अख्खा पातळ पृष्ठभागच उजळणारे दिवे, त्यात पातळ चकत्या पुढेमागे मांडून खोली आणली होती, आरशाची गरजच नाही. पण असा दिवा कोनाकोनातून किती उजेड देतो हे मोजल्याशिवाय मंजूर होत नाही. घरी केलेल्या दिव्याचं ते मोजमाप कोण करणार?

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८२अ, पोटकलम ४: परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. उलट आतल्या लाईटला सूट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०८ वा नियम म्हणतो की गाडीच्या पुढून लाल उजेड दिसता कामा नये आणि मागून लाल सोडून दुसरा दिसता कामा नये, पण त्यातच गाडीच्या आतल्या दिव्यांचा अपवाद दिला आहे. फक्त लाल-निळं लुकलुकणारं काही करू नका. नाक्यावर थांबवलं तर अपवाद समजावून सांगेपर्यंत पॅसेंजर उतरून जाईल.

तीनचाकी_एमएच०९

मागच्या लाईटचा विषय बंद. पण दिवसाचं डोक्यातच आलं नव्हतं! स्पर्धा सकाळी दहाला सुरू होते. मग काय करायचं? आणि ‘चांगभलं’चं कुणी सांगितलंच नाही.

काचघर इचलकरंजी

दादा, आमचं काचेचं आणि फ्रेमचं दुकान आहे, वडिलांनंतर मीच बघते. वायरिंगमधलं मला कळत नाही, बाकीचं सांगते.

आरसा काचेचा लावू नका. पॅसेंजरच्या गुडघ्यासमोर येणार आहे, कचकन ब्रेक लागला की काय होईल ते सांगायला नको. ॲक्रिलिकचा आरसा घ्या, ३ मिलिमीटर. तो वाकतो, आणि आरसा जरासा वाकला की चौकटी आत जाताना नागमोडी होतात. म्हणून पाठीमागं एसीपी शीटला (दुकानांच्या पाट्यांना वापरतात तो ॲल्युमिनियमचा ताठ पत्रा) सपाट चिकटवून घ्या. पुढच्या ॲक्रिलिकवर फिल्म आतल्या बाजूनं लावा, पट्टीकडं. बाहेरनं लावली तर उजेड आधी ॲक्रिलिकच्या जाडीतनं जाऊन परत येतो आणि प्रत्येक चौकटीला पुसट सावली पडते. लावताना ॲक्रिलिकचा संरक्षक कागद काढल्याबरोबर साबणाचं पाणी मारा, कारण कागद सोलला की ते धूळ ओढून घेतं. पंखा बंद. शक्यतो मोरीत लावा, तिथं धूळ कमी असते.

सिलिकॉन घेताना नळी उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर परत करा. तो आरशाची पाठ खातो, कडेनं काळे डाग चालत येतात. न्यूट्रल सिलिकॉन मागा. आणि तुमच्याकडचा पाऊस बघता डबा अगदी हवाबंद करायचा प्रयत्न करू नका, आतली दमट हवा थंड झाली की काचेवर धुकं धरतं. खालच्या कडेला दोन बारीक भोकं आणि त्यावर स्पंजचा तुकडा.

अक्षरांचं: उलटी दिसणार नाहीत. दोन्ही आरसे अक्षरांना समांतर आहेत, त्यामुळं प्रतिमा फक्त मागं मागं सरकते, डावं-उजवं बदलत नाही. आमच्याकडं असं काम करतो: आरशाच्या पाठीचा रंग आणि चांदी लेझरनं अक्षरांच्या आकारात खरवडतो, मागनं लाईट सोडतो. खरवडताना मात्र अक्षरं उलटी लागतात, कारण काम पाठीकडनं होतं. लेझरवाल्याला चार वेळा सांगा. देवनागरीला एक सोय आहे, शिरोरेखा ‘भ’वर तेवढी तुटते, बाकी सलग असते. ती ओळीनं आत जाताना फार छान दिसते, जिन्याच्या पायऱ्या वाटतात. पण अक्षरं मोठी ठेवू नका, एकावर एक चढली की ‘चांगभलं’ वाचता येत नाही. तीन सेंटीमीटर उंची पुरे. अनुस्वाराचा ठिपका जरा मोठा कापायला सांगा, नाहीतर ‘चागभल’ होईल.

सांगलीचा वायरमन

काचघरवाल्या ताई, व्हिनेगरच्या वासाचं माहीत नव्हतं. आता कळलं, आमच्या एका गिऱ्हाईकाचा आरसा कडेनं का काळा पडला ते.

दिवसाचा इलाज: सूर्याशी लढायचं नाही, त्याला आत येऊ द्यायचं नाही. पाटी पॅसेंजरच्या समोर उभी ठेवण्याऐवजी वर छताला, हुडाच्या आतल्या बाजूला तोंड खाली करून बसव. मग तिच्यात आभाळाऐवजी सीटचं प्रतिबिंब पडतं, आणि सीट काळी किंवा गडद मरून असली की परत येणारा उजेड फार कमी होतो. तुझी डायमंड शिलाई कुठल्या रंगाची आहे ते सांगितलं नाहीस. पांढरी असेल तर अवघड आहे. शिवाय तुला पाहिजे तेच होतं, परीक्षकाला आत वाकून वर बघावं लागतं. पाटीच्या चारी कडांना चार बोटं खाली येणारी काळी झालर लाव, तिरका उजेड ती अडवते. वजनाचं बघ, हुडाच्या कापडाला नाही, वरच्या नळीला क्लॅम्पनं धर.

तू सीटच्या पाठीमागं म्हणालास त्यात एक चांगलं होतं, की पाटी ड्रायव्हरच्या आरशात दिसत नाही. छताला लावलीस तर आधी आपल्या जागेवर बसून रात्री तपास. आतल्या आरशात झगझगाट येत असेल तर पाटी मागं सरकव, नाहीतर अंधारात मागचं काही दिसायचं नाही. मॉड्यूलला व्होल्टेज कमीजास्त करायचा पेच असतो, दिवसा ११ पर्यंत वर, रात्री खाली. बाहेरनं फिरवता येईल असं ठेव.

आणि एक गंमत, जमली तर कर. मागच्या आरशाच्या एका कडेखाली दोन-तीन मिलिमीटरचं पॅकिंग घालून तो किंचित तिरका कर. प्रत्येक फेरीला तिरकेपणा वाढत जातो आणि बोगदा सरळ जायच्या ऐवजी वळण घेतो. अक्षरं असतील तर मात्र हे नको, ती पण वळतात.

फ्यूज विसरू नकोस. मीटरभर पट्टीला एक ॲम्पियरच्या आसपास लागतं, २ ॲम्पियरचा फ्यूज पुष्कळ झाला. तो पाटीजवळ नाही, बॅटरीजवळ बसवायचा. वायर रेक्झिनच्या आतनं जाणार, आणि गाडी सीएनजीची आहे. टाकीच्या आणि पाईपच्या बाजूनं वायर अजिबात नेऊ नकोस, उलट्या बाजूच्या नळीनं ने.

तीनचाकी_एमएच०९

सीट मरून आहे काका! छतालाच लावतो. उद्या उद्यमनगरात लेझरवाल्याकडं जातोय, अक्षरं उलटी छापून कागद बरोबर घेतलाय. ताई, न्यूट्रल सिलिकॉन काळं चालेल का पारदर्शकच पाहिजे?

काचघर इचलकरंजी

काळंच घ्या. आतनं दिसत नाही.