सात आठवड्यांची पिल्लं: तलंग कुठली, कोंबडा कुठला?

परसबाग_सातारा:
एकाच उबवणीची पिल्लं आहेत, सात आठवड्यांची. बहुतेक गावरान, थोडी आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड), थोडी कडकनाथ. नर आखाडात विकायचेत, तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) अंड्यांसाठी ठेवायच्यात. काहींचे तुरे लाल झालेत, काहींचे फिकटच आहेत, कडकनाथात तर काहीच कळत नाही. गावात कोणी पिल्लू पाय धरून उलटं टांगायला सांगतं, कोणी दोऱ्याला सुई बांधून वर धरायला. खात्रीची खूण कोणती? आणि पुढच्या खेपेला एका दिवसाच्या पिल्लातच ओळखता येईल का?

खुराडेवाला:
सुई आणि टांगणं दोन्ही सोडा. साधारण निम्मी पिल्लं नर निघतात, त्यामुळे डोळे मिटून सांगितलं तरी निम्मं बरोबर येतं. असल्या युक्त्या त्यावरच जगतात. टोकदार अंड्यातून नर निघतो हेही तसंच. अंड्याचा आकार कोंबडीच्या अंडनलिकेत ठरतो, लिंग त्याआधीच ठरलेलं असतं.

सात आठवड्यांना तुरा बघायचा, पण त्याची उंची नव्हे, रंग. नराचा तुरा पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून गुलाबी-लाल होतो, चोचीखालच्या पाळ्याही दिसू लागतात. तलंगेचा पिवळट, फार तर फिकट गुलाबी राहतो आणि अंड्यावर यायच्या सुमारास, बहुधा सोळाव्या आठवड्यानंतर, लाल होतो. आरआयआरमध्ये हा फरक आताच स्पष्ट दिसायला हवा.

लाल तुरा असेल तर नर, हे बहुतेक वेळा बरोबर. फिकट तुरा असेल तर मादी, हे मात्र धरून चालू नका. जंत झालेला किंवा रक्ती हगवणीतून उठलेला नरही फिकटच दिसतो. म्हणून तुलना एकाच जातीच्या, एकाच वयाच्या, तब्येतीने सारख्या पिल्लांत करा.

रानकोंबडा:
वरच्यांनी तुऱ्याचं नीट सांगितलंय. गावरानात त्याहून भरवशाची खूण पिसांत आहे.

ताई/दादा, आधी लांबूनच रंग बघा. तपकिरी-ठिपक्यांच्या गावरानात नराच्या खांद्यावर, पंखाच्या वरच्या भागात, तांबड्या पिसांचा डाग उमटतो. रंग एकसारखा न वाटता ठिगळ लावल्यासारखा दिसतो. तलंग अंगभर एकसारखी ठिपकेदार असते. पांढऱ्या किंवा काळ्या पक्ष्यांत ही खूण चालत नाही.

खरा निकाल नऊ ते बारा आठवड्यांत लागतो. पक्षी काखेत धरा, शेपटीच्या थोडं वर, पाठीच्या बुडाशी पिसं बोटाने फाकवा आणि नवीन आलेलं एक पीस तळहातावर घ्या. अरुंद, चकचकीत, टोकाला निमुळतं असेल तर कोंबडा. रुंद आणि टोक गोल असेल तर तलंग. मानेवरचं पीसही असंच बघता येतं, पण पाठीवरचं जास्त स्पष्ट. पिल्लूपणाची जुनी पिसं दोघांचीही गोल असतात, म्हणून नवीनच निवडा. सातव्या आठवड्यात गोल पीस पाहून तलंग ठरवली तर फसगत होते.

आरवण्याची वाट बघू नका. कोणी आठव्या आठवड्याला आरवतो, कोणी चार महिने गप्प असतो. पायामागचा काटा तर फारच उशिरा वाढतो.

काळा_तुरा:
कडकनाथात तुरा काळपटच, त्यामुळे लाली शोधून उपयोग नाही. तिथे तुऱ्याचा आकार, नडगीची जाडी आणि वजन ताडून बघा. नराची नडगी हाताला ठळक जाड लागते. शंका असेल तो पक्षी बारा आठवड्यांपर्यंत ठेवा आणि पाठीची पिसं बघा. असीलची (झुंजीच्या कोंबड्यांची जात) भेसळ असेल तरीही हेच करा, त्यांचा तुरा दोघांतही बारकाच असतो.

आता नक्की नर वाटणाऱ्यांच्या पायात लाल प्लॅस्टिकची कडी घाला, शंकास्पद पिल्लांना पिवळी. कडी दर आठवड्याला तपासा, पाय वाढतो आणि ती रुतते.

परसबाग_सातारा:
धन्यवाद. मग सगळ्यांना आतापासून लेअरचं (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) खाद्य दिलं तर? आणि एका दिवसाच्या पिल्लाचं राहिलं.

खुराडेवाला:
नको. लेअर खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. अंड्यावर न आलेल्या पक्ष्याला ते लागत नाही, मूत्रपिंडावर ताण येतो. तोवर ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं खाद्य) द्या. अंडी सुरू झाल्यावर कोंबडे वेगळे ठेवता येत नसतील तर सगळ्यांना ग्रोअर आणि तलंगांसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात.

एका दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार उलगडून बघण्याची पद्धत जपानी लोकांनी बसवली. प्रशिक्षित माणसाचं काम आहे ते. घरी दाबून बघाल तर आतली बलकाची पिशवी फुटते आणि पिल्लू मरतं. पंखाच्या पिसांच्या लांबीवरून ओळखणं फक्त त्यासाठी खास जुळवलेल्या संकरात चालतं, गावरानात नाही.

घरी जमणारा मार्ग रंगाचा. आरआयआरचा कोंबडा आणि पट्टेरी प्लायमाउथ रॉकची कोंबडी लावा. काळ्या पिल्लांत डोक्यावर पांढरा ठिपका असलेले नर, ठिपका नसलेल्या माद्या. पट्ट्याचा गुण आईकडून फक्त मुलग्यांना जातो, म्हणून हे जमतं. जोडी उलटी लावली, म्हणजे कोंबडा पट्टेरी घेतला, तर सगळ्याच पिल्लांना ठिपका येतो आणि काही कळत नाही.