नवे बूट आधी येऊरला फिरवा
काश्मीरमधल्या सोनमर्गहून थाजीवास हिमनदीचा ट्रेक, गाईडबरोबर एका दिवसात. त्यासाठी नवे बूट घेऊ का, असं विचारलंत. घ्या, पण आजच, आणि चार रविवार ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरवाटांवर फिरवा. उतरताना अंगठा पुढे आपटत असेल तर एक नंबर मोठा हवा. माझं नख असंच काळंनिळं होऊन गळलं, तेही ट्रेकच्या आधीच!

दम ठाण्यात कमावता येतो, विरळ हवेची सवय नाही. सोनमर्ग सुमारे २७०० मीटरवर आहे, आदल्या रात्री तिथेच मुक्काम करा. सुती टीशर्ट नको. घामाने भिजला की वाऱ्यात हुडहुडी भरते. आणि हो, सनस्क्रीन नाकपुड्यांखाली, हनुवटीखालीही लावा, बर्फावरून ऊन खालून येतं.