पल्सारवर पीएचडी झाली. आता पोस्टडॉक की दुर्बिणीचं काम?

पल्सारवरचा (ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणारे मृत तारे) प्रबंध सादर केलाय. परदेशात दोन वर्षांची पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी) मिळतेय, इथे एसकेए या आंतरराष्ट्रीय महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या भारतीय कामातही संधी दिसतेय. उपकरणांच्या कामात पेपर कमी निघतात. पुढे प्राध्यापकपदासाठी अडेल का? घरचे ‘कायमचं कधी?’ विचारून थकलेत.

↳ मी पुणे जिल्ह्यात खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर पोस्टडॉक केली, म्हणून कळकळीने सांगते. ४५ मीटरच्या ३० अँटेना कागदावर वेगळ्या, कंट्रोल रूममध्ये वेगळ्या. जवळच्या हायटेन्शन लाइनवर ठिणगी पडली की डेटात सगळ्या फ्रिक्वेन्सींवर आडवेतिडवे पट्टे उमटतात. त्यातून पल्सार वेगळा काढायला शिकलात की डेटा कुठे खोटं बोलतो ते कळतं. निवड समितीला हे दाखवता येतं, पण वर्षाला स्वतःचा एक तरी विज्ञानाचा पेपर हवाच. रुजू होण्याआधीच त्यासाठी वेळ लेखी मागून घ्या.

↳ सहमत. लेसर, व्हॅक्यूममध्ये रस असेल तर गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळाही बघा. २०२३मध्ये मंजुरी मिळाली, हिंगोलीत औंढ्याजवळ ४ किलोमीटरच्या दोन भुजा होणार आहेत.

↳ आभार! पेपरच्या वेळेचं आजच मेलमध्ये विचारते.