बालवाडीतला आश्विन : मुलांच्या हाताला काय काय लागलं?

शेवंती :
भाचीच्या प्लेग्रुपमधून निरोप आलाय. ‘ऑटम वीक’ आहे, मुलांना नारंगी-तपकिरी कपडे घाला आणि पाच वाळकी पानं पाठवा. ठिकाण ठाणे. बाहेर सगळं हिरवंगार, ऑक्टोबरचं ऊन मी म्हणतंय, आणि खरी पानगळ बघायला फेब्रुवारी उजाडायचाय. वहिनीने वॉचमनकाकांना गाठून देशी बदामाची दोन-चार लाल पानं पैदा केली एकदाची.

त्यावरून आईची बालवाडी आठवली. आई कोसबाडला शिकलेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. विकतची साधनं नकोत, आसपास मिळेल त्यातून शिकवायचं, हे तिथलंच. त्यामुळे आश्विनात आईच्या वर्गाला भिंती नसायच्याच. पोरं तेरड्याच्या वाफ्यापाशी उकिडवी बसलेली. पिकलेलं बोंड चिमटीत धरलं की टचकन फुटतं, सालीच्या पट्ट्या गर्रकन आत वळतात आणि बिया तोंडावर उडतात. आईचा खेळ असा की बोंड न फोडता तोडून तिच्या तळहातावर आणून ठेवायचं. धसमुसळ्या पोरांचीसुद्धा बोटं अशी हलकी व्हायची की विचारू नका. मग बिया मोजायच्या. मोजणी कुणाची कुणाशी जुळायची नाही, कारण निम्म्या गवतात गेलेल्या!

पानं रंगवलेले कागद मला नकोत, ते ढिगाने मिळतात. आश्विन-कार्तिकात तुमच्याकडे लहान मुलांच्या हातात खरोखर काय दिलं गेलं ते या चर्चेच्या धाग्यावर सांगा. ताई, आई, आजी, बाबा, कुणीही.

कडीपत्ता :
अळी!! कुंडीतल्या कडीपत्त्यावर हमखास येते या दिवसांत. आधी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मग अचानक हिरवीगार. बरणीत फांदीसकट ठेवली, तोंडाला मलमलचा तुकडा बांधला. रोज सकाळी ताजा पाला घालायची पाळी ठरलेली, त्यावरून मारामाऱ्या. कोष झाल्यावर आठ-दहा दिवस काहीच घडत नाही, तेव्हा मुलांचा धीर सुटतो, तो खरा अभ्यास. फुलपाखरू निघालं ते नेमकं रविवारी. सोमवारी रिकामा कोष बघून एकजण रडला आणि बाकीच्यांनी त्याला समजावलं की ते आईकडे गेलं.

मी_नगरची :
कडीपत्ता, हाहा, आईकडे गेलं!
आमच्याकडे भोंडला. पाटावरचा हत्ती मुलांनीच तांदळाने भरायचा, सोंड नेहमी शेपटीकडे जाते. पण माझ्या मते सगळ्यात भारी शिक्षण खिरापतीत आहे. डबा कानाशी धरून हलवायचा. खुळखुळ वाजलं तर दाणे-फुटाणे, धप्प वाजलं तर लाडू, काहीच वाजलं नाही तर शिरा. मग वास घ्यायचा. गोड की तिखट, कोरडं की ओलं, प्रश्न विचारत विचारत जायचं. एक चिमुरडी दरवर्षी पहिल्याच दमात ‘पिझ्झा’ म्हणते.

पेरू_खाणारा :
बाबा लोकांना परवानगी आहे ना? बिया देताना एक सांगतो. गुंज, कण्हेर, धोतरा अजिबात नको, विषारी आहेत. गुंज तर लालचुटुक, पोरं तोंडात टाकणारच. आणि बारीक बी असेल तर नाकांवर लक्ष ठेवा. आमच्या चिरंजीवांनी वाटाणा घातला होता, डॉक्टर म्हणाले एवढ्यात काढला नाहीत तर मोड येतील.

कडीपत्ता :
वाटाणा!! आमच्याकडे चिंचोका. कानात.

बोंडवाली_ताई :
मी यवतमाळकडली अंगणवाडी सेविका. सप्टेंबरात पोषण महिना, मग ॲप भरा, वजनं घ्या, दम निघत नाही. पण दसऱ्यानंतर पहिला वेचा निघतो तेव्हा प्रत्येक पोर घरून एक बोंड आणतं. त्यातला कापूस ओढायचा, सरकी वेगळी करायची. सरकीला कापूस असा धरून बसलेला असतो की चार वर्षांच्या बोटांना चांगला घाम फुटतो. मग सरकी वाटीत, कापूस टोपलीत. एवढुशा वाटीतली सरकी जड आणि टोपलीभर कापूस हलका, हे पटायला वेळ लागतो त्यांना. दोन्ही हातात घेऊन बघतात, पुन्हा बघतात. शेवटी वाती वळायच्या. वाकड्या का होईना, दिवाळीला त्याच लागतात घरी. बोंडाची टरफलं टोचतात बर का, ती मी आधीच काढून ठेवते.

शेवंती :
ताई, हे वाचून माझा धागा वसूल झाला. त्या वाटी-टोपलीचा फोटो असेल तर टाकाल का?

बोंडवाली_ताई :
फोटो काढायला हात मोकळे कुठं असते.

अर्धाकप :
इथे थोडं उलट बोलते, रागवू नका. मी शहरातल्या प्रीस्कूलमध्ये शिकवते. नारंगी पानांचे कागद आम्हालाही आवडत नाहीत, पण ते वरून छापूनच येतात आणि पालकांना संध्याकाळी ग्रुपवर फोटो हवा असतो. चिखलातल्या हातांचा फोटो टाकला तर पहिला प्रश्न, ‘सॅनिटायझर वापरलं ना?’ तरी मी एक वाट काढलीय. सकाळी पारिजातकाचा सडा वेचून आणते. देठ कागदावर चोळले की केशरी-पिवळा रंग उतरतो. नारंगीही झालं, फोटोही झाला.

शेवंती :
रागवायचं काय त्यात, तुमची बाजू खरी आहे. देठांची युक्ती वहिनीला कळवते.

करवंटी :
नवरात्रात घरोघरी घटाशी धान्य रुजतंच, तेच मी वर्गात करते, पूजा वगैरे नाही, नुसत्या करवंट्या आणि माती. गहू, ज्वारी, मूग, मका, जे ज्याला आवडेल ते. निम्म्या करवंट्या खिडकीत, निम्म्या कपाटात. कपाटातली रोपं पिवळी आणि लांबलचक, खिडकीतली हिरवी आणि बुटकी. मुलांचं एकमत झालं की कपाटातली उंच आहेत म्हणजे तीच हुशार. मी काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात ती माना टाकून पडली तेव्हा वर्गात भयंकर चर्चा झाली.

स्टुटगार्टची_सून :
धागा माझ्यासारखीसाठी नाहीये बहुतेक, कारण इथे खरोखरच नारंगी पानं आहेत, गुडघ्यापर्यंत. लेक किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत जाते. या दिवसांत रस्ताभर कास्टानियन, म्हणजे हॉर्स चेस्टनटच्या बिया पडतात, गुळगुळीत तपकिरी, खायच्या नाहीत. त्यांना हातड्रिलने भोकं पाडून काडेपेटीच्या काड्या खुपसायच्या की घोडा, साळिंदर, माणूस काहीही तयार. हो, ड्रिल! साडेतीन वर्षांच्या हातात! मी बघून गारच पडले, तिथल्या ताई शांत. मग कागदी कंदील करायचे आणि ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनच्या दिवशी संध्याकाळी अंधारात ते घेऊन गाणी म्हणत फिरायचं. आम्ही तोच कंदील दिवाळीलाही लावतो. नवरा म्हणतो आकाशकंदिलाचे पैसे वाचले.

मी_नगरची :
ड्रिलवाल्या ताईंना इकडे पाठव गं, माझ्या नवऱ्याला अजून पडद्याचा रॉड बसवता येत नाही.

उलटापालट :
मेलबर्न. आमच्याकडे पानं एप्रिलमध्ये गळतात. दसऱ्याला वसंत. मी कुठे लिहू?

पेरू_खाणारा :
तुम्ही एप्रिलमध्ये धागा वर काढा.

शमी_नव्हे :
आपटा कुणीच नाही? दसऱ्याआधी बाजारात कांचनाची पानंही आपटा म्हणून खपवतात. आमच्या बाई दोन्ही पानं डोळे मिटून हातात द्यायच्या. आपट्याचं आखूड, रुंद, जाडसर, खालून लवदार. कांचनाचं मोठं आणि पातळ. मधल्या शिरेवर दुमडलं की दोन्ही पाळ्या एकमेकींवर तंतोतंत बसतात, ते करताना पोरांचे चेहरे बघावेत. आणि एकेकच पान आणायचं, फांद्या ओरबाडायच्या नाहीत असा दंडक होता. आजचे टेम्पोभर ढीग बघून जीव तुटतो.

करवंटी :
+१. एका पानात सगळ्यांचं सोनं होतं.

जर्सीत_भाकरी :
भोपळा! इथल्या प्रीस्कूलमध्ये महिनाभर भोपळा चालतो. आधी लोकरीचा धागा अंदाजाने कापायचा, मग भोपळ्याभोवती गुंडाळायचा, कुणाचा नेमका पुरतो बघायचं. माझ्या लेकाचा धागा त्याच्या स्वतःच्या पोटाला दोनदा पुरला असता. मग टबात सोडायचा. सगळी पोरं म्हणाली बुडणार, एवढा जड! तरंगला. मग कापून आत हात घालायचा, बिया काढायच्या. निम्मी मुलं किंचाळतात, निम्मी कोपरापर्यंत आत. आत पोकळ आहे म्हणून तरंगतो हे कुणाला सांगावं लागत नाही मग. फक्त उरलेला भोपळा माझ्या गळ्यात पडलाय. घारगे होतील का त्याचे?

मातीचा_किल्ला :
किल्ल्याचं मी लिहिणार होतो, पण आमच्या सोसायटीत माती आणायलाच बंदी. नर्सरीतून दोन पोती विकत आणली. हळीव पेरलेत, दोन-तीन दिवसांत हिरवं होईल. मावळे लेकाने ठेवले, सोबत एक डायनोसॉर.

मी_नगरची :
@जर्सीत_भाकरी, घारगे होतात, पण कोरायचा मोठा भोपळा नको, पाणचट असतो. तिकडे छोटे ‘पाय (pie) पंपकिन’ मिळतात ते घे. वाटीभर कीस, पाऊण वाटी गूळ, गूळ विरघळेपर्यंत शिजवायचा. गार झाला की मावेल तेवढी कणीक आणि चमचाभर तांदळाची पिठी. पाणी घालू नकोस.

जर्सीत_भाकरी :
गूळ घालून झाल्यावर वाचलं. मोठाच भोपळा होता. कणीक किती मावेल याला काही अंत आहे का?

मी_नगरची :
आता धिरडी घाल.