मदत हवी आहे: प्रॉमिस.ऑल लावलं तरी बेरीज एकाच दिवसाची येतेय

नमस्कार मंडळी, नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवायचं साधन) शिकायला लागून दोन महिने झालेत. बाबांचं गावात दूध संकलन केंद्र आहे, त्यांच्यासाठी छोटा प्रोग्राम करतोय, रोजची एक जेसन (माहिती साठवायची साधी मजकूर) फाइल, जुलैच्या अशा ३१, त्या वाचून महिन्याचे एकूण लिटर काढायचे एवढंच काम.

आधी फॉरईचमधे (यादीतल्या प्रत्येकासाठी तेच काम करणारं) असिंक फंक्शन टाकलं, आत अवेट (उत्तर येईपर्यंत थांब), खाली उत्तर छापायला कन्सोल.लॉग. उत्तर शून्य. एरर नाही काही नाही, नुसतं शून्य. दोन रात्री गेल्या त्यात, मग कळलं की अवेट फक्त आतल्या फंक्शनला थांबवतं, बाहेरचा कोड पुढे निघून जातो आणि फॉरईच त्या प्रॉमिसकडे (नंतर येणाऱ्या उत्तराची हमी) बघतच नाही. हे पटलं.

मग मॅप करून (प्रत्येक फाइलमागे एक प्रॉमिस) सगळं अवेट प्रॉमिस.ऑलमधे घातलं, म्हणजे सगळी उत्तरं येईपर्यंत थांबायचं. आता येतं २१२. परत रन केलं तर १८७. बाबांच्या वहीत बेरीज ६,२१४ आहे, आणि २१२ म्हणजे एकट्या १९ तारखेचं दूध! आतली ओळ एवढीच:

टोटल += अवेट लिटरवाचा(फाइल)

फॉर-ऑफ (एकेक फाइल क्रमाने घेणारा लूप) लावला की बरोबर ६,२१४. जावास्क्रिप्ट तर एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच काम करत, चालतं ना, मग हे एकमेकांचं पुसतात कसं? नुसता चालणारा कोड नकोय, का होतं ते समजून घ्यायचंय, यावरच लोकांच्या दुधाचे पैसे निघणार आहेत.

प्रतिसाद १:
थ्रेड एकच, बरोबर. पण अवेट आला की फंक्शन मधेच थांबतं आणि दुसऱ्याचा नंबर लागतो. तुमची ओळ आधी टोटलची किंमत उचलते, तेव्हा ती ०, आणि मग अवेटवर थांबते. ३१ च्या ३१ जण असे ० हातात धरून बसलेत. ज्याची फाइल येते तो ० अधिक आपले लिटर लिहून मोकळा, आधीच्याचं गेलं. शेवटी येणाऱ्याचा आकडा उरतो. फॉर-ऑफमधे एकाचं आटोपल्यावरच दुसरा सुरू होतो म्हणून तिथे जमतं.

खरं तर आत टोटलला हातच लावू नका, मॅपमधून लिटर रिटर्न करा आणि प्रॉमिस.ऑलने दिलेल्या अ‍ॅरेची बेरीज नंतर करा. आणि हो, एक जरी फाइल वाचता आली नाही तरी प्रॉमिस.ऑल सरळ रिजेक्ट होतं (सगळंच फसलं असं सांगतं), कुठल्या कुठल्या तारखा राहिल्या ते हवं असेल तर ऑलसेटल्ड (प्रत्येकाचं जमलं की फसलं ते वेगवेगळं सांगणारं) वापरा, २०२० पासून भाषेतच आहे.

मूळ धागाकर्ता:
लिटर रिटर्न केले, पाच वेळा रन केलं, पाचही वेळा ६,२१४. ० हातात धरून बसलेत हे वाचलं आणि लख्ख कळलं, मनापासून आभार. ऑलसेटल्ड आजच लावतो, ऑगस्टच्या दोन फाइल्स खरंच नाहीयेत.