मदत हवी आहे: सोसायटीच्या स्विमिंग पूलचं पाणी दुधाळ झालंय, काही केल्या निवळत नाही

बी_विंग_घोडबंदर
तातडीने उत्तर हवंय. घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीचा पूल आहे. पाणी हिरवं नाही, वासही नाही, पण पांढुरकं झालंय, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं. क्लोरीन टाकून झालं, तुरटी टाकून झाली. रविवारी मुलांचा समर कँप सुरू होतोय, पालकांनी पैसे भरलेत आणि ग्रुपवर सकाळपासून माझा उद्धार चाललाय. काय टाकलं की पाणी स्वच्छ होईल तेवढंच सांगा. 'एजन्सी बदला' सांगू नका, ते एजीएमला बघू.

खारघर_टेकडी
पूल केवढा? पीएच किती? फिल्टर किती तास चालतो? क्लोरीन म्हणजे नेमकं काय टाकलंत: गोळ्या, पावडर की लिक्विड? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

बी_विंग_घोडबंदर
१५ मीटर बाय ७. क्लोरीन म्हणजे क्लोरीन हो, पांढरी पावडर असते ती. पीएच वगैरे पूलवाला बघतो. किटमध्ये पिवळा रंग येतो, म्हणजे क्लोरीन आहे ना?

विहीरवाले_काका
एवढा कसला बाऊ? आमच्या गावी पावसाळ्यात विहीर गढूळ झाली की तुरटीची पुरचुंडी दोरीला बांधून फिरवायचे, दुसऱ्या दिवशी तळ दिसायचा. तुरटी वाढवा.

ऐरोली_प्लांट
काका, विहिरीला पंप नव्हता. तुरटीने गाळ एकत्र येऊन खाली बसतो, पण पाणी रात्रभर स्थिर हवं. सकाळी तो गाळ व्हॅक्यूमने थेट गटारात सोडायचा, फिल्टरमधून न्यायचा नाही. शिवाय तुरटीने पीएच आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरण्याची पाण्याची क्षमता) दोन्ही उतरतात. धागाकर्ते, तुरटी टाकली तेव्हा पंप बंद होता का?

बी_विंग_घोडबंदर
पंप चालूच होता, नाहीतर तुरटी मिसळणार कशी? आणि सारखे प्रश्न काय विचारताय, उपाय सांगा ना.

ऐरोली_प्लांट
मग ती चिकट तुरटी तुमच्या फिल्टरच्या वाळूत जाऊन बसली. बॅकवॉश (उलटं पाणी सोडून वाळू धुणं) कधी घेतला? गेजवर प्रेशर किती दिसतं?

ठाणे_पूर्व
अवांतर: मे महिन्यात घोडबंदरला प्यायला टँकर आणि पोहायला पूल! आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतंय.

बी_विंग_घोडबंदर
पूलला नळाचं पाणी वापरत नाही, टँकरच घेतो. बोअरचा. उगाच राजकारण नको.

खारघर_टेकडी
हे आधी सांगायचं होतं! बोअरचं जड पाणी, त्यात ती पावडर. पिशवीवर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) लिहिलंय का?

बी_विंग_घोडबंदर
हो, टीसीएल. पूलवाला बादलीत कालवतो आणि काठावरून ओततो.

ग्रामपंचायत_निवृत्त
इथे बोलावंच लागतंय. टीसीएलमध्ये क्लोरीन साधारण एक तृतीयांश, बाकी बराचसा चुना. गावच्या टाकीत आम्ही ती कालवून तासभर ठेवायचो आणि वरची निवळी तेवढी सोडायचो, खालचा चोथा फेकायचो. तुमचा माणूस चोथ्यासकट ओततो. म्हणजे पूलमध्ये रोज चुना पडतोय. पाणी पांढरं होणार नाही तर काय होणार?

खारघर_टेकडी
+१. चुन्याने पीएच चढतो, चढला की जड पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट होऊन तरंगत राहतं. पीएच ७.२ ते ७.६ हवा. ८ झाला की असलेल्या क्लोरीनपैकी जेमतेम पाव भाग कामाचा उरतो, मग पूलवाला म्हणतो कमी पडलं आणि आणखी पावडर ओततो.
एक करून बघा. काचेच्या ग्लासात पूलचं पाणी घ्या, दोन चमचे पांढरं व्हिनेगर घाला, ढवळा. निवळलं तर कॅल्शियम. तसंच राहिलं तर बारीक माती नाहीतर मेलेलं शेवाळ, त्याचा उपाय वेगळा.

पामबीच_रनर
माझं ऐका, सॉल्ट क्लोरिनेटर (मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र) बसवा. आमच्या नेरूळच्या सोसायटीत बसवलाय, मीठ टाका आणि विसरा. डोळे चुरचुरत नाहीत, केस राठ होत नाहीत.

ऐरोली_प्लांट
विसरा कसलं? त्यानेही पीएच चढतोच, आणि जड पाण्यात त्याच्या सेलवर (क्लोरीन तयार होतो त्या प्लेट्सवर) कॅल्शियमचा थर बसतो. आज पाणी पांढरं आहे, त्यावर लाखाचं यंत्र कशाला?

पामबीच_रनर
आमचं तर छान चाललंय बुवा. ज्यांना जुनंच धरून बसायचंय त्यांनी बसावं.

कळवा_आई
पोहण्याआधी मुलांच्या केसांना खोबरेल तेल लावा, माझ्या मुलीला फरक पडला.

ऐरोली_प्लांट
ताई, आमच्या फिल्टरमध्ये निम्मा चिकटा त्याच तेलाचा निघतो! आधी शॉवर, मग टोपी.

बी_विंग_घोडबंदर
ग्लासात व्हिनेगर घातलं. पाणी बऱ्यापैकी निवळलं. गेज पाहिला, काचेच्या आत बाष्प धरलंय, काटा १ वर आहे. पंप बंद केला तरी १ वरच. पंप सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, वीजबिलावरून कमिटीत आधीच बोंब आहे. आता तरी सांगा काय टाकू?

ऐरोली_प्लांट
काही टाकू नका! आधी गेज बदला, फार महाग नसतो. बंद पंपाला १ दाखवणाऱ्या काट्यावर बॅकवॉश कधी घ्यायचा हे कसं कळणार? धुतल्यावरच्या प्रेशरपेक्षा अर्धा-पाऊण बार वाढलं की बॅकवॉश, मग रिन्स (उरलेला गाळ बाहेर सोडणं), मग पुन्हा फिल्टर. मल्टीपोर्टचं (फिल्टरमधल्या पाण्याचा मार्ग बदलणाऱ्या व्हॉल्व्हचं) हँडल पंप बंद करूनच फिरवायचं.

खारघर_टेकडी
खोली ३ ते ५ फूट धरली तर सरासरी १.२ मीटर. १५ × ७ × १.२ म्हणजे १२६ घनमीटर, सव्वा लाख लिटर. पूलचा पंप सहसा सगळं पाणी एकदा फिरवायला सहा तास घेईल असा निवडतात. तुम्ही दिवसाला चार तास चालवताय. पाणी निवळेपर्यंत दिवसरात्र चालू ठेवा.
टीसीएल बंद. लिक्विड हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे द्रव क्लोरीन) वापरा, सावलीत ठेवा, नाहीतर कॅनमध्येच जोर जातो. ॲसिड थोडं थोडं टाकून पीएच ७.२ वर आणा: बादलीत आधी पाणी, मग ॲसिड, उलटं नाही. अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम असू द्या. आणि ते पिवळं किट एकूण क्लोरीन दाखवतं. मोकळं, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेलं, किती आहे ते गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी किटवर बघा, १ ते ३ पीपीएम हवं.

ग्रामपंचायत_निवृत्त
ॲसिड आणि क्लोरीन एका बादलीत नको, विषारी वायू सुटतो. टीसीएल आणि क्लोरीनच्या गोळ्याही एका डब्यात ठेवू नका, पेट घेतात. पंपरूममध्ये शेजारी शेजारी ठेवलेलं मी पाहिलंय म्हणून सांगतो.

बी_विंग_घोडबंदर
बरं. पण रविवारपर्यंत होईल का? थोडं गढूळ असलं तर मुलं कडेकडेने पोहतील.

कळवा_आई
अहो, खोल भागातली तळाची जाळी वरून दिसते का?

बी_विंग_घोडबंदर
नाही.

कळवा_आई
मग कँप पुढे ढकला. एखादं मूल तळाशी गेलं तर लाइफगार्डलाही दिसायचं नाही. ग्रुपवर चार लोक बडबडतील, बडबडू देत.

ऐरोली_प्लांट
शंभर टक्के सहमत. यात 'थोडं गढूळ' चालत नाही.

विहीरवाले_काका
तुरटी दुप्पट टाकली असती तर एवढं रामायण झालंच नसतं.

बी_विंग_घोडबंदर
कँप पुढे ढकलला, शिव्या खातोय. गेज नवा बसवला, पंप रात्रीही चालू आहे, उथळ भागातल्या टाइल्सच्या रेघा दिसायला लागल्यात. एजन्सी म्हणते वाळूचे गोळे झालेत, सगळी बदला. आमच्या मागे एक बिल्डिंग उभी राहतेय, तिथली वाळू स्वस्तात मिळेल. चालेल ना?

ऐरोली_प्लांट
अजिबात नाही! बांधकामाच्या वाळूत माती असते. धुतलेली सिलिका सँड घ्या, ०.५ ते ०.८ मिमीची.

बी_विंग_घोडबंदर
किती बॅगा लागतील?

ऐरोली_प्लांट
फिल्टरचा व्यास किती?

बी_विंग_घोडबंदर
मोठा आहे.

ऐरोली_प्लांट
टाकीवर पत्र्याची पाटी असेल. तिचा फोटो टाका.